कानाने मारायची उडी

आजचा विषय ऑफिसात कुणाला सांगितला तर "तुला कामं नाहीत का?" एवढंच ऐकून घ्यावं लागेल. व्हिडिओ गेम. आणि त्यातलाही एक अगदी कोपऱ्यातला प्रकार : गाण्याच्या ठेक्यावर उड्या मारत पुढे जायचे गेम. इंग्रजीत त्यांना रिदम प्लॅटफॉर्मर म्हणतात. मराठीत नाव नाही, म्हणून या लेखापुरतं मी त्यांना 'तालउड्या' म्हणतो. नाव आवडलं नाही तर दुसरं ठेवा, माझी हरकत नाही.

साधा उड्यांचा गेम कसा असतो हे सगळ्यांना माहीत आहे. मारिओ. खड्डा दिसला की उडी, कासव दिसलं की उडी. हवं तर खड्ड्याच्या काठावर उभं राहून चहा पिऊन या, खड्डा कुठे जात नाही. तालउड्यांमध्ये ही सोय नसते. पात्र आपोआप पळत असतं, थांबवता येत नाही. तुमच्याकडे बहुतेक वेळा एकच बटण, उडीचं. मागे गाणं चालू असतं आणि अडथळे त्या गाण्याच्या मात्रांवर मांडून ठेवलेले असतात. डोळ्यांनी बघून उडी मारायला गेलात तर पहिल्या अर्ध्या मिनिटात मराल. ऐकून मारलीत तर जमतं. म्हणजे इथे गाणं ही सजावट नाही, गाणं हाच नकाशा आहे. या प्रकाराचा सगळा इतिहास म्हणजे हे एक वाक्य लोकांना कसं हळूहळू समजत गेलं, त्याची गोष्ट आहे.

सुरुवात एका योगायोगाने झाली, आणि ती कुठल्याही प्रोग्रामरला आवडेल अशी आहे. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी स्पेस इन्व्हेडर्स बनवला. वरून परग्रहवासी रांगेने खाली येतात, खालून आपण गोळ्या मारायच्या. त्या काळच्या प्रोसेसरला इतके परग्रहवासी एका वेळी हलवणं झेपत नव्हतं. जसजसे ते मरत जात तसतसं काम हलकं होई आणि उरलेले जास्त जोरात पळू लागत. हा खरं तर हार्डवेअरचा तोकडेपणा. निशिकादोंनी तो दुरुस्त न करता तसाच ठेवला! शिवाय पार्श्वभूमीला चार खर्जाच्या स्वरांची धून होती, तीही सोबत जलद होत जायची. खेळणाऱ्याच्या छातीत धडधड व्हायची ती यामुळे. गेममधला आवाज खेळाच्या गतीला बांधलेला असू शकतो, हे लोकांना पहिल्यांदा असं कळलं.

१९८१ मध्ये निन्टेंडोचा डाँकी काँग आला. शिगेरू मियामोटो यांच्या या गेमने पिंपांवरून उडी मारणं हाच खेळ करून टाकला. नायकाचं नावही आधी नुसतं 'जंपमॅन' होतं, मारिओ नंतर झाला. मग १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स. त्याचं संगीत कोजी कोंडो यांचं. आमच्या पिढीने नव्वदच्या दशकात चंद्रपुरात भाड्याने आणलेल्या 'टीव्ही गेम'वर तो खेळला (पिवळी कॅसेट, तिच्यात फुंकर मारायची, वर चापट मारायची, मग चालणार). त्यातली एक गोष्ट तुमच्या कानात अजून असेल : घड्याळात शंभर उरले की एक इशारा वाजतो आणि तीच चाल जलद सुरू होते. हात आपोआप घाई करतात. पण लक्षात घ्या, मारिओत संगीत बंद करूनही खेळता येतं. चाल तुम्हाला घाबरवते, रस्ता दाखवत नाही.

रस्ता दाखवणारं संगीत यायला १९९६ उजाडावं लागलं. मासाया मात्सुउरा हे मूळचे संगीतकार. त्यांच्या नानाऑन-शा या कंपनीने प्लेस्टेशनवर पॅराप्पा द रॅपर आणला. कागदातून कापल्यासारखा एक कुत्रा रॅप गातो आणि आपण ठेक्यावर बटणं दाबायची. यात उड्या नव्हत्या, पण ठेका चुकला की हरलात, हा नियम पक्का झाला. पुढच्या दोन वर्षांत कोनामीने बीटमेनिया (१९९७) आणि डान्स डान्स रेव्होल्यूशन (१९९८) आणले. दुसऱ्यात चक्क पायाखाली बाणांचा पाट असतो आणि माणूसच त्यावर नाचतो. मॉलमधल्या गेमिंग झोनमध्ये घामाघूम होऊन नाचणारी पोरं बघितली असतील, तोच हा.

आणि मग १९९९ च्या डिसेंबरमध्ये मात्सुउरांनीच तालउड्यांचा खरा पहिला गेम काढला, व्हिब-रिबन. माझ्या मते आजवरचा सगळ्यात हुशार गेम हाच, आणि तो आपल्याकडे जवळपास कुणी पाहिलेला नाही. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरी, थरथरणारी रेघ. त्या रेघेवरून व्हिब्री नावाचा सशासारखा एक प्राणी, तोही रेघांचाच, चालत येतो. रेघेत चार प्रकारचे अडथळे येतात : ठोकळा, खड्डा, वेटोळं आणि लाट. प्रत्येकाला एक बटण. कधी दोन अडथळे एकात एक मिसळतात, मग दोन बटणं एकदम. चुकत गेलात तर सशाचा बेडूक होतो, बेडकाचा किडा होतो. चांगलं खेळत राहिलात तर परत ससा, आणि फारच चांगलं खेळलात तर मुकुट वगैरे घालून राणी.

पण खरी गंमत पुढे आहे. चित्रं इतकी साधी ठेवल्यामुळे अख्खा गेम प्लेस्टेशनच्या इवल्याशा मेमरीत मावायचा. मग गेमची सीडी बाहेर काढायची आणि आपली कुठलीही गाण्याची सीडी आत घालायची. गेम ते गाणं ऐकून त्यातून स्वतः अडथळे तयार करणार! शांत गाणं, सोपा रस्ता. धांगडधिंगा, अवघड रस्ता. म्हणजे १९९९ साली, दोन एमबी मेमरीत, कुणाच्या घरात कुठली सीडी असेल याचा पत्ता नसताना. (मी कधी कधी विचार करतो, यात विलंबित ख्यालाची सीडी घातली तर व्हिब्रीचं काय होईल. बिचारा ससा सरळ रेघेवर चालत सम यायची वाट बघत बसेल.) हा गेम अमेरिकेत तेव्हा विक्रीला आलाच नाही, २०१४ मध्ये डाउनलोडच्या रूपात पोचला. त्याआधीच, २०१२ मध्ये, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहात पहिले चौदा व्हिडिओ गेम घेतले, त्यात पॅकमॅन आणि टेट्रिसच्या पंगतीला व्हिब-रिबन होता.

इथे जरा थांबून मी आमच्या भागात जातो, कारण हा प्रकार मला पहिल्यांदा बघताच ओळखीचा वाटला तो तिथल्यामुळे. आमचं घर चंद्रपूरचं, आजोळ कुरखेड्याकडचं, म्हणजे आताचा गडचिरोली जिल्हा. (१९८२ च्या ऑगस्टपर्यंत तोही चंद्रपूर जिल्ह्यातच होता. आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत सगळा मिळून 'चांदा जिल्हा'च राहिला.) तिथे पावसाळ्यात पोरं गेडीवर चढायची. गेडी म्हणजे बांबूच्या दोन उंच काठ्या, जमिनीपासून हात-दीड हातावर पाय ठेवायला आडवा तुकडा बांधलेला. चिखलातून चालताना पाय कोरडे राहतात हे मोठ्यांना सांगायचं कारण. खरं कारण अर्थात मजा. शेजारच्या छत्तीसगडात हरेलीच्या सणाला आजही गेड्या निघतात, आणि वेरिअर एल्विन यांनी बस्तरच्या मुरिया गोंडांच्या घोटुलवर १९४७ मध्ये जो जाडजूड ग्रंथ लिहिला त्यातही गेडीवरच्या नाचाची नोंद आहे.

गेडीचा नियम एकच. थांबायचं नाही. सायकल जशी चालती ठेवली तरच उभी राहते तसंच. एका काठीचं टोक जमिनीला एका ठिपक्यात टेकतं, त्यामुळे स्थिर उभं राहणं जवळजवळ अशक्य. तोल हवा असेल तर पावलं टाकत राहा, आणि पावलं सारख्या अंतराने पडली तरच तोल राहतो. खड्डा आला तर त्यासाठी वेगळं थांबून विचार करायला वेळ नाही, चालू असलेल्या ठेक्यातच ते पाऊल जरा लांब टाकायचं. नवशिक्या पोराला मोठी पोरं सांगायची, खाली पाहू नको, पडशीन. खडक खडक असा काठ्यांचा आवाज यायचा, तोच ऐकायचा. पुढे कितीतरी वर्षांनी एका मित्राच्या लॅपटॉपवर पात्र आपोआप पळतंय, थांबता येत नाही आणि अडथळे ठेक्यावर येतायत हे बघितलं, तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही.

तो गेम होता बिट ट्रिप रनर, २०१० चा. कॅलिफोर्नियातल्या गायजिन गेम्स या छोट्या कंपनीचा. त्याआधी एक टप्पा सांगायला हवा. २००४ मध्ये निन्टेंडोने डाँकी काँग जंगल बीट काढला, जो चक्क ढोल वाजवून खेळायचा. बोंगोची जोडी पुढ्यात. उजवा वाजवला की माकड उजवीकडे, डावा वाजवला की डावीकडे, दोन्ही एकदम वाजवले की उडी, आणि टाळी वाजवली तर तीही मायक्रोफोनला कळायची. कल्पना झकास, पण त्यात ठेका तुमचा तुम्ही ठरवायचा. गाण्याशी बांधलेपण नव्हतं. शिवाय ढोल वेगळा विकत घ्यायचा, तो खर्च कोण करणार. मग २००९ च्या कॅनाबाल्टने एका बटणाची पळापळ लोकप्रिय केली. रनरने या पळापळीला गाणं जोडलं. प्रत्येक उडीला, प्रत्येक गोळा केलेल्या सोन्याच्या विटेला एक स्वर वाजतो. नीट खेळलात तर तुम्हीच ती चाल पुरी करताय असं वाटतं. आणि चुकलात तर? सरळ लेव्हलच्या सुरुवातीला. मधे कुठे विश्रांती नाही. लोकांनी शिव्या घातल्या आणि खेळत राहिले.

आता थोडं इंजिनिअरिंग, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. पात्राचा वेग कायम असला की अंतर आणि वेळ ही एकच गोष्ट होते. समजा गाणं मिनिटाला १२० मात्रांचं आहे, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक मात्रा. पात्र सेकंदाला आठ घरं पळतं. मग प्रत्येक चार घरांवर एक मात्रा पडते. डिझायनरला फक्त गाण्याची फूटपट्टी जमिनीवर आडवी ठेवायची आणि खुणांवर काटे पेरायचे. उडीचा हवेतला वेळही कायम असतो. तो जर बरोबर एका मात्रेइतका ठेवला तर ठेक्यावर उडालेलं पात्र पुढच्या ठेक्यावर जमिनीला टेकतं आणि तिथूनच परत उडू शकतं. किती साधं! पण एक मेख आहे. नाचणाऱ्या माणसाचा पाय ठेक्यावर खाली येतो. इथे ठेक्यावर पाय वर जातो. त्यामुळे चांगले नाचणारे लोक सुरुवातीला या गेममध्ये हमखास गडबडतात. दोनतीन दिवस गेले की बोट आणि पाय यांचा समझोता होतो.

२०१३ हे या प्रकाराचं मोठं वर्ष. डेन्मार्कच्या येप्पे कार्लसेन यांचा '१४०' आला, नुसते रंगीत चौकोन आणि गोल, जमीनच ठेक्यावर हलते. युबीसॉफ्टच्या रेमन लेजेंड्समध्ये प्रत्येक भागाच्या शेवटी एक गाण्यावरची लेव्हल होती, त्यातली कॅसल रॉक अजून लोक यूट्यूबवर बघतात. पण या दोघांना मागे टाकलं ते ऑगस्ट २०१३ मध्ये मोबाइलवर आलेल्या जॉमेट्री डॅशने. स्वीडनच्या रॉबर्ट टोपाला या एकट्या माणसाचं काम. एक चौकोन, काटे आणि एक बोट. पहिल्या लेव्हलचं नाव स्टिरिओ मॅडनेस. तिच्यावर किती विद्यार्थ्यांचे किती तास गेले असतील देव जाणे. लाइट आवृत्ती फुकट, इंटरनेट नसलं तरी चालते, स्वस्तातल्या फोनवर पळते. पुण्यात किंवा बंगळुरात या तीन गोष्टींचं महत्त्व कळत नाही. ज्या जिल्ह्याचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग जंगल आहे आणि जिथे दोन टॉवरच्या मधली गावं खूप आहेत, तिथे कुठला गेम पोचणार हे याच तीन गोष्टी ठरवतात.

तसा तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला. मुक्काम गडचिरोली, इयत्ता आठवी. दिवाळीत गेलो तेव्हा हा कोपऱ्यात बसून तीच लेव्हल पन्नासाव्यांदा खेळत होता आणि एकाच जागी मरत होता. मी म्हटलं, अरे, ऐकून मार. तर म्हणाला, "ऐकूनच मारतो मामाजी. मले तालच नाई. शाळेतबी म्हनते सारे." चौकशी केली तर कळलं, गॅदरिंगच्या समूहनृत्यातून त्याला काढलं होतं. हा एकटाच मागे पडतो म्हणून. आठवीतल्या पोराने स्वतःबद्दल एक निकाल ऐकला होता आणि तो मान्य करून मोकळाही झाला होता.

त्याच्या कानात ब्लूटूथचे इयरफोन होते. मी काढून घेतले, फोनचाच स्पीकर लावला आणि म्हटलं, आता मार. चौथ्या प्रयत्नात ती जागा पार झाली. त्यानंतर तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ते सोडा, मला स्वतःलाच थोडा राग आला होता. कारण मला माहीत होतं काय चाललंय. गेमने "आता हा स्वर वाजव" असं सांगितल्यापासून तो कानात पडेपर्यंत मधे रांग असते. ऑपरेटिंग सिस्टिमचा बफर, मग आवाजाची चिप, आणि ब्लूटूथ असेल तर आवाज दाबून, पॅकेटं करून, हवेतून पाठवून, तिकडे परत उलगडून. नुसत्या ब्लूटूथमध्ये दीडदोनशे मिलिसेकंद सहज जातात. त्या काळच्या अँड्रॉइड फोनमध्ये ब्लूटूथशिवायही शंभरच्या वर उशीर ही सर्रास गोष्ट होती, आयफोनवर तो कितीतरी कमी असे. गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड आठसोबत आवाजाचा नवा, जलद मार्ग दिला, तरी तो स्वस्त फोनच्या चिपपर्यंत नीट झिरपायला वेळ लागला. आता वरचं गणित आठवा. मात्रा अर्ध्या सेकंदाची. दोनशे मिलिसेकंद उशीर म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा. काटा फारशी सूट देत नाही आणि इथे दोनशे!

आणि यातली खरी क्रूर गोष्ट ही, की उशिराचा फटका कुणाला बसतो? जो डोळ्यांनी बघून, घोकून खेळतो त्याला काहीच होत नाही. जो कानावर विश्वास ठेवतो तो मरतो. ठेका जितका पक्का, तितका तो नेमाने दोनशे मिलिसेकंद उशिरा उडी मारणार आणि नेमाने त्याच काट्यावर पडणार. पोरगा दर वेळी एकाच जागी मरत होता हाच त्याला ताल असल्याचा पुरावा होता. ताल नसता तर वेगवेगळ्या जागी मेला असता. टेस्टिंगवाल्यांना हे लगेच पटेल. दर वेळी तसाच येणारा बग हा चांगला बग, त्याला कारण असतं.

गॅदरिंगचंही मी विचारून घेतलं. शाळेचं मैदान, गाणं स्टेजवरच्या स्पीकरवर, आणि हा उंच असल्यामुळे शेवटच्या रांगेत, तीसेक मीटर मागे. आवाज एका मीटरला जवळपास तीन मिलिसेकंद घेतो. हिशेब तुम्हीच करा.

याच जिल्ह्यात हा प्रश्न फार जुन्या काळी सोडवलेला आहे, ही आणखी एक गंमत. भामरागड, एटापल्ली, धानोरा या पट्ट्यात माडिया आणि गोंड लोकांचा रेला नाच चालतो. लग्नात, पंडुममध्ये म्हणजे सणात, गोटुलच्या अंगणात. ओळीने उभं राहायचं, एकमेकांच्या कमरेत नाहीतर खांद्यावर हात गुंफायचे, आणि गाणं म्हणत पावलं टाकत ओळ सरकत जाते. ओळ लांबच लांब असते. एका टोकाचं गाणं दुसऱ्या टोकाला उशिरा पोचणार हे उघड आहे. पण दुसऱ्या टोकाच्या बाईला गाण्याची वाट बघायची गरजच नाही. शेजारणीच्या कमरेवरून हाताला ठेका कळतो. आम्ही नेटवर्कमध्ये घड्याळं जुळवायला काय काय प्रोटोकॉल लिहितो, आणि इथे प्रत्येक जण फक्त शेजाऱ्याशी जुळवून घेतो आणि अख्खी ओळ जुळते. ही माझी समजूत, नाचणाऱ्यांना विचाराल तर ते हसतील. पण नवी पोरगी ओळीत मधे घेतात आणि ती दोनचार फेऱ्यांत सुधारते, हे मी बघितलेलं आहे. तिला कुणी ओळीतून काढत नाही.

ताल म्हणजे कान, हेही पुरतं खरं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातच वरोऱ्याजवळ आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला. त्यात अंध गायक आहेत, कुष्ठमुक्त कलाकार आहेत, आणि ज्यांना ऐकू येत नाही असे नर्तक आहेत. हॉलमध्ये बसून तो कार्यक्रम बघितला की "मला ताल नाही" हे वाक्य पुन्हा तोंडातून निघत नाही. ऐकू न येणारा माणूस डोळ्यांनी, पायाखालच्या फळीच्या थरथरीने, मोजून, सरावाने ठेका धरू शकतो. मग ज्याला ऐकू येतं त्याने एका इयरफोनच्या भरवशावर हार का मानावी?

झाडीपट्टीच्या नाटकांचा एक दाखला देतो आणि कामाचं बोलतो. धानाची कापणी झाली की दिवाळीपासून आमच्याकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं मुख्य ठाणं. नाटक रात्रभर चालतं, संगीत स्टेजपाशी बसून जिवंत वाजवतात. नटाचा पाय जरा उशिरा पडला तर तबलेवाला ठेका सांभाळून घेतो, प्रेक्षकाला कळतही नाही. गेममध्ये तबलेवाला नसतो, गाणं कुणासाठी थांबत नाही. म्हणून चांगले डिझायनर ती सूट दुसरीकडे लपवतात. डान्स डान्स रेव्होल्यूशनमध्ये अचूक, बरं, चुकलं असे टप्पे आहेत. जॉमेट्री डॅशमध्ये टप्पे नाहीत, पण चित्रात दिसतो त्यापेक्षा खरा मारणारा काटा बराच बारीक आहे. दिसायला टोचलं, पण वाचलो, असं होतं ते त्यामुळे.

तर आता सुरुवात करायची असेल तर. पहिलं काम, ब्लूटूथ बंद. वायरचे इयरफोन लावा, ते नसतील तर फोनचा स्पीकर. गेममध्ये आवाजाचा उशीर जुळवायची सेटिंग असेल तर खेळायच्या आधी ती करा. टीव्हीला जोडून खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर टीव्ही चित्र सुंदर करत बसतो आणि तेवढा उशीर वाढतो. फोनवर जॉमेट्री डॅश लाइटपासून सुरुवात ठीक आहे. पण माझं मत विचाराल तर कॉम्प्युटर असेल त्याने आधी रनरचा दुसरा भाग (२०१३) घ्यावा. तो पहिल्याइतका खडूस नाही, लेव्हलच्या मध्यावर एक थांबा देतो, आणि नको असेल तर त्या थांब्यावरून उडी मारून गुण जास्त मिळवता येतात. '१४०' शांत माणसांसाठी, तास-दोन तासांत संपतो. घरी लहान मुलं असतील तर रेमन. व्हिब-रिबन मिळाला तर सोडू नका, पण मिळणं कठीण.

नवी लेव्हल आली की लगेच खेळू नका. आधी तिचं गाणं दोनदा नुसतं ऐका, पायाने ठेका धरा. सम कुठे येते ते कळलं की निम्मं काम झालं. मग प्रॅक्टिस मोड. जॉमेट्री डॅशमध्ये त्यात वाटेत खुणा ठेवता येतात, मेलात तर तिथून पुढे. फक्त एक सांगतो, खुणेवरून परत सुरू होताना गाण्याशी जुळलेली लय मोडते, म्हणून तुकडा पाठ झाला की लगेच पहिल्यापासून एकदा सलग जा. आणि वीस मिनिटांच्या वर एका बैठकीत नको. थकलेलं बोट ठेक्याच्या आधी पडायला लागतं, कान कितीही चांगला असो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच लेव्हल आपसूक सोपी झालेली असते. पेटी शिकलेल्या लोकांना हे माहीत आहे.

एकाच जागी दहा वेळा मेलात तर बघा, काट्याच्या आधी मरताय की नंतर. नेहमी उशिरा असेल तर संशय इयरफोनवर घ्या. कधी आधी, कधी नंतर असेल तर गाणं अजून कानात बसलेलं नाही, अजून ऐका. डिसेंबर २०२३ मध्ये जॉमेट्री डॅशची मोठी अपडेट आली, त्यात पात्राला डावीकडे-उजवीकडे चालवता येतं आणि थांबताही येतं. भाच्याने ती दोन दिवस खेळून बघितली. म्हणाला, "थांबता येते मंग त्यात काय मजा?" सध्या तो एडिटरमध्ये स्वतःची लेव्हल बनवतोय. काटे मात्रेवर बसत नाहीत म्हणून रात्री फोन करतो आणि मला फोनवर टेबल वाजवून दाखवतो. फोनमधूनही उशीर होतोच, पण त्याचं टेबल एका ठेक्यात वाजत असतं.